टूलरूममधला चेंडू

आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमनं एक अख्खा वसंत चेंडूशिवाय सराव केला, असं मी कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं मी कॉलेजच्या गरिबीबद्दल बोलतोय. तसं काही नव्हतं. चेंडू होता. चांगला चामड्याचा होता, हवाही भरलेली होती. फक्त आमच्या सरांनी तो टूलरूममध्ये, व्हर्नियर कॅलिपरच्या शेजारी, कुलपात ठेवला होता.

सर म्हणजे आमच्या फिटर शॉपचे इन्स्ट्रक्टर. सिल्वासाला तेव्हा, म्हणजे नव्वदीच्या सुरुवातीला, दर महिन्याला एखादा कारखाना उभा राहायचा आणि त्यात काम करायला कुणी धुळ्याहून, कुणी मुंबईहून येऊन पडायचं. माझे वडील मसाटच्या एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात मॅनेजर म्हणून आले, म्हणून मीही नाशिक सोडून इथं डिप्लोमाला आलो. कॉलेजात प्रत्येक शिक्षकाला एकेका खेळाचा जादा भार होता. क्रिकेट गणिताच्या प्राध्यापकांनी आधीच बळकावलं होतं. कॅरम लायब्ररियनकडे. उरला फुटबॉल, तो सरांच्या गळ्यात पडला. सर पारोळ्याकडचे. उभ्या जन्मात त्यांनी चेंडूला लाथ मारली नव्हती. एखादं नवीन लेथ मशीन शॉपमध्ये यावं तसा त्यांनी फुटबॉल ताब्यात घेतला आणि त्याला शॉपचे सगळे नियम लावले.

टूलरूमच्या खिडकीशी खिळे ठोकलेला एक फळा होता. प्रत्येक विद्यार्थ्याला एक पितळी बिल्ला मिळे. हातोडी हवी असेल तर आपला बिल्ला हातोडीच्या खिळ्याला टांगायचा आणि हातोडी न्यायची. हातोडी परत दिली की बिल्ला परत. सरांच्या मते चेंडू हेही एक हत्यारच, पण ते अकरा जण मिळून वापरणार. तेव्हा चेंडूच्या खिळ्याला अकरा बिल्ले टांगले गेल्याशिवाय कपाट उघडणार नाही, असा नियम त्यांनी केला आणि केला म्हणजे केला.

"सर, दहा जण आलोत. द्या ना आता," मी एकदा काकुळतीला येऊन म्हणालो. मी कॅप्टन होतो. माझ्याकडे बूट होते, एवढ्याच गुणावर.

"आणि अकराव्यानं हातोडी हरवली तर जबाबदार कोण रे भाऊ?"

"सर, हातोडी नाही. चेंडू आहे."

"मी बी तेच म्हणी राहिलो."

या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसे. अंगात कायम खाकी अ‍ॅप्रन, गळ्यात शिट्टी आणि शिट्टीच्याच दोरीला टूलरूमच्या किल्ल्यांचा जुडगा. ते पळत आले की आधी किल्ल्या वाजायच्या, मग शिट्टी, आणि मग सर दिसायचे. अ‍ॅप्रनच्या खिशात काटकोन तपासायचा गुण्या असायचा. तो ते कशालाही लावत. आमच्या घरी एकदा भंगारातले पाइप मागायला आले होते. वडील आतून बाहेर येईपर्यंत सरांनी दाराच्या चौकटीला गुण्या लावून पाहिला आणि आईला म्हणाले, "चौकट बरोबर आहे वहिनी. भिंत चुकली." आई कितीतरी दिवस त्या भिंतीकडे संशयानं बघायची.

त्या पाइपांचे गोलपोस्ट आम्ही शॉपमध्येच बनवले. कापले, घासले, वेल्डिंग केलं, वर रेड ऑक्साइड चढवला. संपूर्ण दादरा नगर हवेलीत इतका काटेकोर गोलपोस्ट नसेल. पण उभा केल्यावर तो वाकडा दिसू लागला, कारण मैदानच नदीकडे उतरतं होतं. दुसऱ्या कुणी गोलपोस्ट थोडा तिरका केला असता. सरांनी आम्हाला फावडी दिली. महिनाभर आम्ही मैदान खणत होतो आणि येणारे जाणारे विचारत होते की इथं कुठला कारखाना होतोय.

पायाची किक कशी बसवायची तेही ते गुण्यावरच शिकवत. आमच्यात कुलकर्णी नावाचा पुण्याच्या एका इंजिनिअरचा मुलगा होता. त्याच्या गुडघ्याला गुण्या लावून सर म्हणायचे, "अजून घासायला पाहिजे." कुलकर्णी बिचारा घरी जाऊन गुडघा खरोखरच दगडानं घासायचा. पुढं आम्ही त्याला समजावलं.

आता खरी अडचण सांगतो. आमच्या टीममधले चार जण खानवेलच्या जंगलाकडचे होते. फुटबॉल खेळायचा तर त्या चौघांनी. बाकीचे आम्ही मैदानावरची जागा भरायला. त्यातला गोलकीपर सोमा तर असा होता की चेंडू मारणाऱ्याच्या आधी त्याला कळायचं, कुठं येणार ते. हे चौघं पावसाळ्यात यायचे, थंडीत यायचे. होळीच्या आसपास एकदम गायब. आदल्या वर्षी मसाटच्या कामगारांच्या टीमशी मॅच ठरली आणि आमच्याकडून मैदानात सात जण उभे. सरांना वॉकओव्हर द्यावा लागला. प्राचार्य हार घालून घ्यायला आले होते. ते तसेच परत गेले.

प्राचार्य सुरतेकडचे, शिस्तीचे, आणि मनानं क्रिकेटचे. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "देखो, हार-जीत छोडो. अगले साल पूरी मॅच मैदान पर ग्यारह लडके नहीं दिखे, तो ग्राउंड क्रिकेट को. पूरा."

सरांना जिंकायचं कधीच नव्हतं. त्यांना अकरा हवे होते. स्वतःच्या हातानं सपाट केलेलं ते मैदान जाणार, या विचारानं त्यांचं जेवण कमी झालं असं त्यांच्या पत्नीनं माझ्या आईला सांगितलं.

मग फेब्रुवारी संपताना एका सकाळी सर पहिल्या बसनं खानवेलला गेले, सोमाच्या दारात उभे राहिले आणि विचारलं, "काय व्हयनं रे भो? येत का नाही?"

सोमा म्हणाला, "सर, मोह पडतो आता. आई एकली आहे. एवढा सगळा कोण वेचंल?"

सोमाच्या घरची मोहाची झाडं होती; बाकीचे तिघंही तिथंच वाट्यानं वेचायचे. पहाटे फुलं टपटप खाली पडायला लागतात ती ऊन चढेपर्यंत. घरातल्या प्रत्येकानं वेचायची, अंगणात वाळत घालायची आणि वाळली की व्यापाऱ्याला द्यायची. पुढच्या पावसाळ्यातलं मीठमिरचीच नाही, धान्यसुद्धा त्यातून यायचं. दुसऱ्या दिवशी सरांनी मला शॉपमध्ये बोलावलं.

"कॅप्टन, सोमा सरावाला येऊ शकत नाही."

"हो सर."

"मग सराव सोमाकडे जाईल."

आम्हाला वाटलं चेष्टा करतायत. उद्याच्या पहिल्या बसला सगळ्यांनी हजर राहायचं, असं सांगून ते कानस घेऊन कामाला लागले.

त्या वर्षीचा आमचा सराव असा झाला. अंधुक उजेडात बसमधून उतरायचं. मोहाखालचा पाला सोमानं आणि त्याच्या आईनं जाळून, झाडून जमीन लख्ख केलेली असायची. ती पाहून सर पहिल्या दिवशी गहिवरले. खाली बसून त्यांनी जमिनीला गुण्या लावला. मग शिट्टी. "वाका! उचला! टोपलीत! पुढं!" आम्ही वाकत होतो, उचलत होतो, भरलेली टोपली या हातातून त्या हातात देत अंगणापर्यंत पोचवत होतो. सर किल्ल्या वाजवत बाजूनं पळत ओरडायचे, "पास दे रे कुलकर्णी, कवटाळून बसू नको!"

कुणीतरी चेंडूचं विचारलं. सर म्हणाले, "हत्यार शॉपच्या बाहेर जात नाही." विषय संपला.

आमची खरी कोच मात्र सोमाची आई होती. आम्ही तिला मावशी म्हणायचो. ती फार बोलत नसे, पण कुणाचा पाय फुलावर पडला की झाडाआडूनही तिला दिसायचं. "ए बूटवाला! पाय बघ! चेंदलास ना?" पहिल्या आठवड्यात आम्ही तिची इतकी बोलणी खाल्ली की हळूहळू आमचे पाय आपोआप हलके झाले. जमिनीवर काहीही गोल दिसलं की पाय त्याच्यावरून अलगद पलीकडे जायचा. कुलकर्णीनं तर चपला घालणंच सोडून दिलं. सर खूश होऊन बघत राहायचे. "पाय घासला जाई राहिला," म्हणायचे.

या सगळ्यात एक भानगड झाली. मोहाच्या फुलाचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको. तो कपड्यात शिरतो, केसात शिरतो, वहीतसुद्धा शिरतो. आम्ही खानवेलहून थेट वर्गात यायचो. सिल्वासात त्या वासाचा एकच अर्थ होता, मोहाची दारू. गुजरातेत दारूबंदी, त्यामुळे संध्याकाळी वापीकडून गाड्या भरभरून माणसं याच कामासाठी यायची. आठवड्याभरात कॉलेजात बोभाटा झाला की फुटबॉलची टीम सकाळी सकाळीच लावून येते आणि सर स्वतः घेऊन जातात. कुलकर्णीच्या आईनं त्याचा शर्ट पिशवीत घालून प्राचार्यांच्या टेबलावर आणून ठेवला.

आणि आमचे सर! खोकल्याचं औषध घेताना बाटलीवरचं वाचून घेणारे. होमिओपॅथीच्या गोळ्या स्पिरिटमध्ये भिजवतात हे कळल्यावर त्यांनी डॉक्टर बदलला होता.

प्राचार्यांनी सरांना आणि मला बोलावलं. शर्ट टेबलावर होताच.

"आ शुं छे? आखी टीम महुडे की बास मारती है! सवेरे सवेरे!"

सरांनी शांतपणे आपला डबा उघडला. मावशीनं दिलेली ताजी फुलं त्यात होती. त्यांनी ती टेबलावर ओतली.

"साहेब, हा कच्चा माल आहे. तयार मालाला आमच्या टीममध्ये कोणी हात लावत नाही. चाखून बघा."

प्राचार्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग एक फूल तोंडात टाकलं. मग काही न बोलता दुसरं. मीठा है, असं पुटपुटून त्यांनी तिसरं घेतलं आणि एकदम त्यांना आपण प्राचार्य असल्याचं आठवलं. "ठीक है, ठीक है. लेकिन मॅच के दिन ग्यारह चाहिए. मेरे सामने," ते म्हणाले. शर्ट मी उचलून कुलकर्णीला नेऊन दिला. फुलं टेबलावरच राहिली.

मॅचच्या दिवशी मात्र सरांनी सगळं जमवून आणलं होतं. सकाळी सगळ्यांनी मिळून दुप्पट वेगानं वेचून टाकलं, चौघांना घेऊन दुपारच्या बसनं परत. टूलरूमच्या फळ्यावर चेंडूच्या खिळ्याला त्या हंगामात पहिल्यांदा अकरा बिल्ले लटकले. सरांनी ते एकेक करून मोजले. मग त्यांनी कपाट उघडलं, चेंडू काढला, कॉटन वेस्टनं पुसला आणि माझ्या हातात दिला. इतक्या दिवसांनी चेंडू हातात घेतला तर तो मला फार मोठा वाटला.

मसाटची टीम कारखान्याच्या टेम्पोतून उभ्यानं आली. बहुतेक पोरं धुळे-नंदुरबारकडची, हाडापेरानं मजबूत. प्राचार्य खुर्चीवर, गळ्यात हार. त्यांनी बोटानं आम्हाला मोजलं. अकरा. सरांनी छाती भरून श्वास घेतलेला मी पाहिला.

शिट्टी झाली. त्यांच्या पोरानं चेंडू सरळ कुलकर्णीच्या दिशेनं मारला. चेंडू गडगडत कुलकर्णीच्या पायाशी आला आणि कुलकर्णीनं, एखादं फूल चेंगरू नये तशी, त्याच्यावरून नाजूक उडी मारली. मागं मी होतो. देवाशपथ सांगतो, मला तो चेंडू अडवायचा होता. माझाही पाय आपोआप उचलला गेला आणि पलीकडे टेकला. माझ्या मागच्यानंही तेच केलं. मसाटची पोरं बुचकळ्यात पडली. हा काही नवीन डाव असेल असं समजून ती दोन पावलं मागंसुद्धा सरकली. चेंडू आपला निवांत सोमापर्यंत गेला. त्यानं वाकून तो दोन्ही हातांनी अलगद उचलला आणि, मी खोटं बोलत नाही, टोपलीसाठी इकडेतिकडे पाहिलं.

"पाय लावा रे! पाय!" सर बाहेरून ओरडत होते. पण पायात मुरलेलं एकदम कसं विसरणार?

असा खेळ जेमतेम सुरू होतोय तोवर अंधारून आलं. खानवेलच्या डोंगराकडून काळंभोर आभाळ वर चढत होतं. अवेळीच. सोमानं चेंडू हातात धरला होता आणि तो गोलपोस्टमध्ये उभा राहून चेंडूकडे नव्हे, वर बघत होता. खानवेलचे बाकीचे तिघंही. खेळ थांबल्यासारखाच झाला.

मसाटचा कप्तान धडगावकडचा होता. त्यानं एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा सोमाकडे, आणि जवळ येऊन विचारलं, "आंगनमा काई पसरेल शे का भो?"

"मोह," सोमा म्हणाला. "अख्ख्या हंगामाचा. आई एकलीच आहे."

वाळायला घातलेला मोह भिजला की काळा पडतो, सडतो, व्यापारी हात लावत नाही. हे त्या कप्तानाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. आणि आता आम्हालाही ठाऊक होतं.

सर रेषेवर उभे होते. त्यांनी प्राचार्यांकडे पाहिलं, सपाट केलेल्या मैदानाकडे पाहिलं, त्या काटकोनातल्या गोलपोस्टकडे पाहिलं. त्या माणसाचं काय चाललं असेल ते मला दिसत होतं. वर्षभर एकच गोष्ट मागितली होती त्यानं, आणि ती आता समोर उभी होती, अकराच्या अकरा. मॅच संपेपर्यंत त्यांना फक्त गप्प राहायचं होतं. मला वाटलं, ते गप्प राहतील. मी असतो तर राहिलो असतो.

त्यांनी लांब शिट्टी मारली.

"टेम्पो कोणाचा आहे रे?"

"आपलाच समजा सर," कप्तान म्हणाला.

सरांनी सोमाच्या हातातला चेंडू घेतला, प्राचार्यांसमोर गेले आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला. "साहेब, हत्यार बाहेर नेता येत नाही. तेवढं सांभाळा." प्राचार्य हारासकट उठून उभे राहिले. "ये क्या है? मॅच? ग्राउंड का क्या बोला था मैंने?" सर म्हणाले, "माहीत आहे साहेब," आणि किल्ल्या वाजवत टेम्पोकडे पळाले. आम्ही त्यांच्या मागून. मसाटची टीम आमच्या मागून.

दोन टीम एका टेम्पोत कशा मावल्या हे मला आजही सांगता येणार नाही. मसाटवरून, कारखान्यांच्या धुराड्यांखालून आम्ही निघालो. पुढं वळणावळणाला पळस पेटलेले होते, पण सगळ्यांचे डोळे वर. कुलकर्णी कुणाच्या तरी खांद्यावर बसला होता आणि आभाळाची बातमी खाली देत होता.

सोमाच्या अंगणात मावशी एकटीच ओंजळींनी मोह गोळा करत होती. बावीस पोरं टेम्पोतून उतरताना पाहून ती घाबरलीच. सरांनी शिट्टी मारली. "वाका! उचला! टोपलीत! पुढं!" आणि मग जे झालं त्याला मी फुटबॉलच म्हणतो. आमची रांग अंगणापासून घरापर्यंत आपोआप लागली. मसाटवाले मध्ये मध्ये शिरले आणि पहिल्याच टोपलीला त्यांना लय सापडली. टोपली एका हातातून दुसऱ्या हातात अशी जात होती की कुणाला बघावंसुद्धा लागत नव्हतं. इतकी माणसं धावत होती, पण एक फूल पायाखाली आलं नाही. मावशी उभी राहून पाहत होती. तिला ओरडायला जागाच उरली नव्हती. शेवटची टोपली सोमानं झेलली, आत ठेवली आणि दार ओढून घेतलं.

आम्ही अंगणात धापा टाकत उभे. वारा सुटला, पाला उडाला. टप टप करत चार थेंब पडले. एक माझ्या नाकावर. आता येणार म्हणून आम्ही सगळे ओसरीला चिकटलो.

आणि पाऊस आलाच नाही. आभाळ आमच्या डोक्यावरून निवांतपणे समुद्राकडे निघून गेलं. थोड्या वेळानं अंगणात चक्क ऊन पडलं. मैदान तर गेलंच होतं, आणि ते ज्याच्यापायी गेलं तो पाऊस असा न येता परत फिरला. आम्ही सगळे सरांच्या तोंडाकडे बघू लागलो. मला त्यांच्यासाठी इतकं वाईट वाटत होतं की मी मान खाली घातली.

सर अंगणाच्या मध्यभागी गेले. वर बघितलं. ऊन चांगलं लख्ख होतं. त्यांनी अ‍ॅप्रननं तोंड पुसलं, किल्ल्यांमधून शिट्टी शोधून काढली आणि मॅच संपल्यावर मारतात तशी लांबलचक मारली.

"समोरची टीम मैदानावर आलीच नाही," ते म्हणाले. "वॉकओव्हर. आपण जिंकलो."